बाग विकायची घाई करू नका, ताई

पत्र थोडक्यात : सोलापूर जिल्ह्यातल्या एका आईचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी अकरा वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिला टाइप वन डायबेटिस असल्याचं कळलं. तेव्हापासून रोज चार इंजेक्शनं आणि पाच-सहा वेळा बोट टोचणं चालू आहे. मिस्टरांच्या ओळखीतला एक माणूस घरी येऊन सांगून गेला, की परदेशातल्या एका क्लिनिकमध्ये डुकराच्या स्वादुपिंडातल्या पेशी पोटात सोडतात आणि सहा महिन्यांत इन्सुलिन कायमचं बंद होतं. खर्च बावीस लाख. त्यासाठी डाळिंबाची बाग विकायचं घरात घाटतंय. सासूबाई माळकरी आहेत. 'डुकराचं काही लेकराच्या अंगात जाता कामा नये,' असं त्यांनी निक्षून सांगितलंय. डॉक्टरांनी सुचवलेला, अंगाला चिकटवून साखर सतत मोजणारा सेन्सर मात्र घ्यायचा राहिलाय, कारण 'आता पोर बरीच होणार, तर कशाला तो खर्च?' मुलीने हे सगळं दाराआडून ऐकलं आणि रात्री आईला विचारलं, "मग मी थोडी डुक्कर होणार का गं?" बाग विकावी का, आणि सासूबाईंची समजूत कशी घालावी, असं आईने विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सुरुवातीलाच तुम्ही लिहिलंय, 'माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार.' आधी त्याचंच उत्तर देते. काही चुकलेलं नाही. टाइप वन डायबेटिस गोड खाल्ल्याने होत नाही आणि गरोदरपणात तुम्ही काय खाल्लं यानेही होत नाही. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि त्यांना मारून टाकते. इन्सुलिन तयार करणाऱ्या याच पेशी. त्या गेल्या की इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. १९७९ साली मी नऊ वर्षांची होते, तेव्हा मला हा आजार जडला. आमच्या घरी फ्रिज नव्हता. काचेची एक सिरिंज होती. बाबा ती रोज सकाळी छोट्या पातेल्यात उकळायचे, आणि दूध आधी तापवायचं की सिरिंज आधी, यावरून आईशी त्यांची रोज कुरबूर चालायची. त्या बाटलीतलं इन्सुलिन कत्तलखान्यातल्या जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं असायचं, गाईगुरांच्या किंवा डुकरांच्या. तेव्हा दुसरं मिळतच नव्हतं. ते आजच्याइतकं शुद्धही नसायचं. रोज टोचायच्या जागची चरबी झिजून खळगे पडत. माझ्या उजव्या मांडीवर तसे दोन खळगे अजून आहेत, बोटाचं टोक बसेल एवढे.

आमची आजी सोवळ्यातली. बाटलीत काय आहे हे तिला शेजारच्या कंपाउंडरकडून कळलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने ती बाटली उचलली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पाण्याच्या रांजणामागे ठेवली, कारण घरातली सगळ्यात गार जागा तीच होती. पुढे दहा वर्षं माझं इन्सुलिन तिथेच राहिलं.

हे आधी सांगितलं, कारण तुमच्या घरात असं धरून चाललेत की जनावराचं काही माणसाच्या अंगात जाण्याची ही पहिलीच वेळ आहे. तसं नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते बैलाच्या स्वादुपिंडाच्या अर्कापासून बनवलेलं होतं. पहिला अर्क फारसा उपयोगी पडला नाही. बारा दिवसांनी अधिक शुद्ध अर्क दिला, तेव्हा साखर उतरली आणि मरणाच्या दारातला तो मुलगा आणखी तेरा वर्षं जगला. पुढची साठ वर्षं जगभरचे डायबेटिसवाले गाईगुरांच्या आणि डुकरांच्या इन्सुलिनवर जगले. जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ साली बाजारात आलं. डुकराचं इन्सुलिन आपल्या इन्सुलिनच्या इतकं जवळचं आहे, की एकूण ५१ अमिनो आम्लांपैकी फक्त एक वेगळं असतं. गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन वेगळी असतात.

म्हणूनच शास्त्रज्ञांना डुक्कर आठवलं. माणसाच्या स्वादुपिंडात साधारण दहा लाख बेटं असतात, बीटा पेशींचे बारीक पुंजके. ही बेटं काढून दुसऱ्याला देता येतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये २००० साली सात रुग्णांना मृत दात्यांची बेटं यकृताच्या रक्तवाहिनीतून दिली आणि सातही जणांचं इन्सुलिन थांबलं. अडचण अशी, की एका रुग्णाला पुष्कळदा दोन किंवा अधिक दात्यांची बेटं लागतात आणि दाते फार कमी. काही वर्षांत बहुतेकांना पुन्हा थोडंफार इन्सुलिन लागायला लागलं, तेही खरं. डुकरं मात्र हवी तेवढी पाळता येतात, आणि त्यांच्या रक्तातली साखरही आपल्या जवळपास असते. कल्पना चांगली आहे, ताई, आणि तिच्यामागे प्रामाणिक माणसांनी आयुष्यं घातली आहेत. त्या माणसाने तुम्हाला सांगितलेलं सगळंच हवेतलं नाही. पण त्याने कुठे काय गाळलं, ते तुम्हाला कळायला हवं.

ही धडपड इन्सुलिनच्या शोधाच्याही आधीची आहे. १८९३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे बसवले होते. मुलगा तीन दिवसांनी गेला. शंभर वर्षांनी स्वीडनमध्ये कार्ल ग्रोथ यांच्या चमूने दहा रुग्णांना डुकराच्या भ्रूणातले पुंजके दिले. चार जणांच्या लघवीत डुकराच्या इन्सुलिनची खूण कित्येक महिने सापडत राहिली, म्हणजे पेशी जगल्या होत्या. पण इन्सुलिन कुणाचंच सुटलं नाही.

तुमच्या पत्रातल्या क्लिनिकची जाहिरात ज्या प्रयोगावरून उचललेली वाटते, तो न्यूझीलंडचा. तिथे १९९६ साली बॉब एलियट यांच्या गटाने डुकराची बेटं समुद्री शेवाळापासून बनवलेल्या जेलीच्या बारीक गोळ्यांत बंद करून एका माणसाच्या पोटात सोडली. त्या गोळीच्या भिंतीतून साखर आणि इन्सुलिन ये-जा करू शकतं, रोगप्रतिकारक पेशी मात्र आत शिरू शकत नाहीत. रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागू नयेत, म्हणून ही युक्ती. त्या माणसाचं इन्सुलिन तीन महिन्यांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. वर्ष होत आलं तेव्हा ते पुन्हा पहिल्याइतकं झालं होतं. साडेनऊ वर्षांनी दुर्बिणीने पोटात पाहिलं, तेव्हा काही गोळ्यांमधल्या पेशी अजून जिवंत सापडल्या. शास्त्रासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण त्या माणसाची सुई सुटली नाही. पुढे त्याच गटाने रशिया, न्यूझीलंड आणि अर्जेंटिनात चाचण्या घेतल्या. त्यासाठी डुकरं वापरली ती न्यूझीलंडच्या दक्षिणेला भर समुद्रात असलेल्या ऑकलंड बेटांवरच्या जातीची. एकोणिसाव्या शतकापासून ती जगापासून तुटून राहिली होती, त्यामुळे त्यांच्यात नेहमीचे विषाणू फारसे नव्हते. काही रुग्णांची साखर अचानक खाली जाण्याचे प्रसंग कमी झाले. औषध म्हणून ते बाजारात आलं नाही.

मेक्सिकोतही बारा किशोरवयीन मुलामुलींवर असा प्रयोग झाला होता. काहींचं इन्सुलिन घटलं. पण प्राण्यांवरचा पुरेसा अभ्यास न करता मुलांना यात का घेतलं, असं या क्षेत्रातल्या जगभरच्या तज्ज्ञांनी परखडपणे विचारलं. तुमची लेक अकरा वर्षांची आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता मूळ अडचणीकडे येते. परक्या पेशी दिसल्या की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. डुकराच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक वेगळ्याच प्रकारची साखर असते, जी आपल्यात नसते. आपल्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे परक्या गोष्टी ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिनं, आधीच तयार असतात. शिवाय तुमच्या लेकीच्या शरीराने एकदा स्वतःच्याच बीटा पेशी मारल्या आहेत. नव्या आल्या तर त्यांनाही ते सोडेलच असं नाही. मग रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आयुष्यभर घ्यायची. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, काहींनी मूत्रपिंडाला इजा होते, कर्करोगाची शक्यता वाढते. वाढत्या वयाच्या मुलीला इन्सुलिन सोडवून ही औषधं लावणं हा मला तरी फायद्याचा सौदा वाटत नाही. विषाणूंचंही आहेच. काही विषाणूंची जनुकं डुकराच्या स्वतःच्या जनुकांतच मिसळलेली असतात, कितीही स्वच्छ गोठा ठेवला तरी ती जात नाहीत. जनुकं कापून ती निकामी केलेली पिल्लं २०१७ साली जन्माला घातली, तेव्हा कुठे ती भीती कमी होऊ लागली. अमेरिकेत जनुक बदललेल्या डुकराचं हृदय २०२२ साली एका माणसाला बसवलं, तो दोन महिने जगला. त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपलेला होता, हे मागाहून कळलं. २०२४ साली मूत्रपिंड बसवलं, तोही रुग्ण दोन महिन्यांच्या आत गेला, जरी मृत्यूचं कारण ते मूत्रपिंड असल्याचं दिसलं नाही. त्यानंतरही काम पुढे चाललंय. थांबूही नये.

'कायमचं बरं होईल' हे शब्द मात्र आज कुणीही प्रामाणिक शास्त्रज्ञ डुकराच्या पेशींबद्दल उच्चारत नाही.

बाकी जगात काय चाललंय तेही सांगते, कारण मला तुमची आशा मोडायची नाही. अमेरिकेने जून २०२३ मध्ये मृत दात्यांच्या बेटांच्या उपचाराला मंजुरी दिली, पण फक्त अशा प्रौढांसाठी ज्यांची साखर वारंवार जीवघेणी खाली जाते. जून २०२५ मध्ये मानवी मूळपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून, प्रयोगशाळेत तयार केलेल्या बेटांचे निकाल आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जण वर्षभरानंतर इन्सुलिनशिवाय होते. तेही सगळे प्रौढ आणि रोगप्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर. स्वीडनमध्ये एका माणसाच्या हाताच्या स्नायूत जनुकं बदललेली मानवी बेटं घातली, ती अशा औषधांशिवाय जगली. मात्रा लहान होती, त्यामुळे इन्सुलिन त्याला अजून घ्यावं लागतं. तुमची लेक पंचवीस वर्षांची होईल तेव्हा तिच्यापुढे माझ्यापेक्षा चांगले पर्याय असतील, असं मला मनापासून वाटतं. ते डुकराकडून येतील की माणसाच्या मूळपेशींकडून, ते बघायचं. तोवर तिचे डोळे, मूत्रपिंड आणि पाय धडधाकट राहायला हवेत.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ सेन्सरची. बागेची त्याच्यानंतर.

पण आधी पैशांचं. खरी चाचणी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाही. आपल्याकडे २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीत रुग्णाला इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई द्यावी लागते, आणि प्रत्येक चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत असावी लागते. बाहेरच्या देशांतही अशा नोंदवह्या आहेत, कुणालाही घरबसल्या बघता येतात. बावीस लाख मागणारा माणूस तुमच्या लेकीला चाचणीत घेत नाहीये, तो तुम्हाला काहीतरी विकतोय. त्याच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. कुठल्या नीतिमत्ता समितीने परवानगी दिली, ते विचारा. आधीच्या किती रुग्णांचं इन्सुलिन किती दिवस सुटलं, ते कागदावर मागा. परत आल्यावर ताप आला तर कोण बघणार, हेही विचारा. डुकराच्या पेशी घेतलेल्या माणसावर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ सालच्या चीनमधल्या चांगशा इथल्या बैठकीतच ठरलंय. विमानात बसवून घरी पाठवणारं क्लिनिक ते कसं करणार? आपल्याच देशात १९९७ साली आसाममध्ये एका रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं होतं. रुग्ण सात दिवसांत गेला आणि डॉक्टरांना अटक झाली. कायदा आणि देखरेख सोडून केलेल्या गोष्टीत रुग्णाच्या बाजूने उभं राहायला कुणी उरत नाही.

आणि एक गोष्ट दारावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची. कुणीही, मग तो डॉक्टर असो, वैद्य असो की बाबा, 'आधी इन्सुलिन बंद करा, मग आमचा उपचार लागू पडेल' असं म्हणाला, तर त्याला तिथूनच परत पाठवा. टाइप वनच्या मुलाचं इन्सुलिन बंद झालं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठतं, उलट्या सुरू होतात, श्वास धापा टाकल्यासारखा होतो आणि जीव जाऊ शकतो. अशी एक मुलगी मी पाहिली आहे. तिची आई तुमच्याइतकीच शहाणी होती.

टाइप टू असलेले वाचकही मला या पेशींबद्दल विचारतात. त्यांच्या शरीरात बहुतेक वेळा इन्सुलिन असतं, ते नीट लागू पडत नाही. या पेशींचं संशोधन मुख्यतः टाइप वनसाठी चाललंय.

आता सासूबाई. त्या आडमुठ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटलं नाही. नातीच्या अंगात नेमकं काय जाणार, हे तुमच्या घरात फक्त त्यांनीच विचारलं. त्यांची समजूत घालायची आज गरजच नाही, कारण ज्या उपचारावरून भांडण चाललंय तो घ्यायचाच नाहीये. तुमच्या सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपॅरिन देतात ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासूनच बनतं. पण हे सासूबाईंना गप्प करायला सांगू नका. वारीहून परतलेल्या बाईला आपण नकळत काय केलं याची खंत लावून काही मिळायचं नाही. उद्या खरोखर मंजूर उपचार आला, तुमची लेक मोठी झालेली असली आणि तिला तो घ्यायचा असला, तर त्या वेळी शांतपणे बसून बोला. माळकरी माणसाला जीव वाचवण्याची भाषा समजते. माझ्या आजीला समजली होती. आणि तेव्हाही नको वाटलं, तर तो नकारसुद्धा धरून चालण्यासारखाच आहे. मानवी पेशींची वाट मोकळी आहेच.

लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच द्या. ती डुक्कर होणार नाही, आणि असं काही आत्ता करायचंही नाहीये, हे दोन्ही तिला सरळ सांगा. मोठ्यांची कुजबुज मुलं अर्धीच ऐकतात आणि उरलेली अर्धी रात्री अंथरुणात स्वतः रचतात. मी दहा वर्षांची असताना बाबांचं एक वाक्य ऐकलं होतं, 'हिचं कसं होणार?' ते मी कितीतरी वर्षं उराशी धरून बसले होते. तिला जवळ घेऊन विचारा, की या आजारातलं तिला सगळ्यात जास्त काय नकोसं वाटतं. सुई हेच उत्तर येईल असं धरून चालू नका. शाळेच्या डब्याच्या वेळी मैत्रिणींसमोर टोचून घ्यायची लाज असेल, सहलीला न पाठवल्याचा राग असेल. यातलं बरंचसं बावीस लाखांशिवाय सुटतं.

सेन्सर घ्या. सतत वापरणं परवडत नसेल तर सुरुवातीला महिन्यातून एक लावा. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो. तेवढ्या दिवसांत रात्री साखर कुठे जाते आणि कुठल्या जेवणानंतर उसळते, हे आलेखात दिसतं. तो आलेख डॉक्टरांना दाखवा. घरात एक छोटा वजनकाटा ठेवा. भाकरी करताना एका भाकरीला किती पीठ घेता ते आठवडाभर मोजा. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं असतात. भाकरी मोठी झाली की इन्सुलिनही बदलावं लागतं, आणि ते किती, हे डॉक्टरांकडून शिकून घ्या. हे काम सासूबाईंना द्या. पिठाचा अंदाज घरात त्यांच्याइतका कुणाला नसेल. लेकीच्या दप्तरात आणि खिशात दोन्हीकडे ग्लुकोज ठेवा, आणि वर्गशिक्षकांबरोबर पीटीच्या सरांनाही सांगून ठेवा, कारण साखर खाली जाते ती मैदानावर. अकरा वर्षं पूर्ण झाली आणि आजाराला तीन वर्षं झाली, म्हणजे आता वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी सुरू करायची वेळ आली आहे. जिल्हा रुग्णालयात इन्सुलिन आणि तपासण्या कशा मिळतात, तेही विचारून घ्या. मागायला संकोच करू नका.

डाळिंबाची बाग तशीच राहू द्या. तिचं उत्पन्न दरवर्षी येतं, आणि या आजाराचा खर्चही दरवर्षीचाच असतो.

रविवारी मिस्टर घरी असतील तेव्हा त्या माणसाला फोन लावा, स्पीकरवर ठेवा आणि चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा. दिला तर मला पाठवा, मी नोंदवहीत शोधून बघते. आणि लेकीला सांगा, सोलापूरकडे येणं झालं तर मला तिला भेटायचंय. शेहेचाळीस वर्षं इन्सुलिनवर जगलेली बाई कशी दिसते, हे तिने एकदा बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.